शेऱ्याच्या तीन ओळी

शिवणाच्या बाईंना जिना चढता येतो, असं मी लिहिलं. खोटं नव्हतं ते, चढल्याच होत्या. लिफ्ट बंद होती आणि आमचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर.

अपंग माणसाला घरी सरकारी मदतनीस द्यायची की नाही, हे तपासून ठरवायचं काम सरकारनं आमच्या खाजगी कंपनीला दिलं होतं. तपासणी फाटकापासूनच सुरू होते, हे मात्र येणाऱ्याला आम्ही सांगत नसू. बाईंचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. एकेका पायरीवर बसत, हातांवर जोर देत, पाऊण तासानं त्या वर पोचल्या. मी कठड्याला टेकून चहा पीत बघत होतो. मग तपासणीच्या फॉर्मवर ‘जिना’पुढे ‘हो’वर खूण केली. खाली शेऱ्यासाठी तीन ओळी होत्या, त्या कोऱ्या सोडल्या. दिवसाला बारा माणसं उरकायची असतात, अशी मी माझीच समजूत घातली.

मदतनीस बंद झाली. पुढचे आठ महिने शेजारणीला सवड मिळेल तेव्हाच बाईंची अंघोळ व्हायची. बाईंनी आमच्या कंपनीवर दावा लावला, तेव्हा हे मला कोर्टात कळलं, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आमचा वकील मात्र जोरात होता. “आम्ही खाजगी माणसं. हक्कांचा कायदा सरकारनं पाळायचा.”

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. “यांना मदतनीस नको, हे कोणी ठरवलं?”

“आम्ही.”

“कोणाच्या वतीनं?”

“सरकारच्या,” वकील पुटपुटला.

“मग काम घेतलंत तसा कायदाही घ्या अंगावर.” त्या माझ्याकडे वळल्या. “त्या दिवशी लिफ्ट चालू होती?”

कंपनीतले माझे साहेब माझ्याकडे डोळे वटारून बघत होते. मी त्यांच्यावरची नजर काढून न्यायाधीशबाईंकडे पाहिलं.

“बंद होती. त्या बसत बसत चढल्या. मी पाहिलं होतं.”

मदतनीस पुन्हा सुरू करायचा हुकूम झाला. बाहेर व्हरांड्यात बाईंची काठी हातातून निसटून पडली. त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता चार शिव्या तरी देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“उचलून देऊ का?” मी विचारलं.

“नको. तुम्ही आधी जा,” बाई म्हणाल्या. “तुमच्यादेखत वाकले, तर तेही लिहाल.”

मी खाली मान घालून जिना उतरलो.