सगळ्यात शेवटी आमची मोटार

हिवाळ्यातल्या सकाळी शिवारावरचं धुकं अजून पुरतं उठलेलं नसताना मोठी आई पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरपाशी उभी असायची. डोक्यावरून घेतलेली तपकिरी शाल, चष्म्याच्या काचांवर दंव, अंगठा हिरव्या बटणावर टेकलेला, आणि बटण दाबायचं मात्र नाव नाही. कान नाल्यापलीकडे लागलेले. तिची आठवण आली की मला तिच्या चेहऱ्याआधी तो न दाबलेला अंगठा दिसतो, आणि खरं सांगतो, आजही माझं डोकं तापतं.

मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली भावजय. उभा जन्म पुसदच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवण्यात गेला, आणि निवृत्तीनंतर ती राळेगावकडच्या आमच्या गावी, आमच्या सामाईक घरात परतली, ती वर्गातल्या सगळ्या सवयी घेऊनच. विभवांतराला धारेने भागलं की रोध, धारेने गुणलं की शक्ती, हे तिचं नित्याचं स्तोत्र. चहा मागितला तर आधी हिशोब यायचा. आमची कॉइलची शेगडी दोनशे तीस व्होल्टला पाच अँपिअर घेते, म्हणजे रोध शेहेचाळीस ओहम आणि शक्ती साडेअकराशे वॅट. आज दाब निम्मा, म्हणून धारा निम्मी, म्हणून शक्ती चौथाई, म्हणून चहाला उशीर. हे ती इतक्या प्रसन्नतेने सांगायची, की चहा प्यायल्याचं समाधान तिला त्यातच मिळून जाई. मला मिळत नसे.

आमच्या शिवारात तेव्हा प्रत्येकाच्या स्टार्टरला ‘आटो’ लावलेला होता. लाईन आली की मोटार आपोआप सुरू, मग मालक बाजारात असो की कुणाच्या लग्नात. त्यामुळे लाईन येताच नाल्याच्या दोन्ही काठांवरच्या साऱ्या मोटारी एकाच क्षणी उठत, दाब कोसळे, आणि एकीलाही धड वेग घेता येत नसे. सबंध शिवार नुसतं घुमत राही. शेगडी गरीब, दाब कमी झाला की कमी घेऊन गप्प बसते. मोटार मात्र अडली की उलट जास्त धारा ओढते, आणि धारा दुप्पट झाली की तिच्या वेटोळ्यात उष्णता चौपट होते, असं मोठी आई पारावर, गिरणीपुढे, हळदीकुंकवातसुद्धा सांगत फिरली. लोकांनी माना डोलावल्या.

“हिशोब तुमचा सोळा आणे बरोबर हाये, मॅडम,” आमच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून शेत असलेले सुभाषभाऊ म्हणाले. “पण मी आटो काढला अन् बाकीच्याइनं नाही काढला, त माह्यंच वावर कोरडं राहीन ना.”

सगळे हेच म्हणाले. मग ऐन फुलावर हरभरा असताना व्हायचं तेच झालं, शिवाराचा डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाला. नवा येईपर्यंत कोवळी फुलं उन्हात सुकून गळत राहिली, आणि मी वाट पाहत होतो की आता तरी ही बाई ‘सांगितलं होतं’ असं म्हणेल. ती म्हणाली नाही, आणि त्याचाही मला राग आला.

नवा डीपी बसला त्या सकाळी तिने साऱ्यांना त्याच्याखाली गोळा केलं. साऱ्यांनी स्टार्टरचे आटो काढून टाकले. मोटारी एकीमागून एक सुरू करायच्या, एकीचा सूर स्थिरावला की मगच दुसरी, हेही ठरलं. आणि शेवटी कुणी थांबायचं, यावर सगळे आपापल्या चपला निरखू लागले. मोठ्या आईने आमचं नाव सांगितलं. मला विचारलंसुद्धा नाही.

“आपलीच मोटार शेवटी काहून?” घरी आल्यावर मी विचारलं.

“कोणाले तरी थांबाच लागते, गजानन. कायले थांबाचं हे ज्याले समजते, त्यानं थांबावं.”

कुणी वावरात उशिरा पोचे, कुणाची मोटार पाणी धरत नसे. आमचा नंबर लागेपर्यंत ऊन डोक्यावर आणि लाईन जायच्या बेतात. डीपी पुन्हा जळाला नाही, हे खरं. पण पुढच्या प्रत्येक हंगामात सगळ्यांत बारीक घाटे आमच्याच हरभऱ्याला लागले, आणि ती मात्र धुऱ्यावरून दुसऱ्यांचं हिरवंगार शेत स्वतःचं असल्यासारखी न्याहाळायची.

गेल्या पावसाळ्यात मोठी आई गेली. तेरवीला आलेले सुभाषभाऊ निघताना हळूच म्हणाले, “आता तुमी नंबर बदलून घ्या, गजाननभाऊ. कोणी काही म्हननार नाही.”

मी ते मनाशी पक्कं धरलं होतं. यंदा हरभऱ्याला पहिलं पाणी द्यायच्या सकाळी सगळ्यांच्या आधी स्टार्टरपाशी गेलो. लाईन आली, व्होल्टमीटरचा काटा वर चढला, अंगठा बटणावर टेकला आणि तिथेच राहिला. नाल्याच्या वरच्या अंगाला पहिली मोटार उठली, काटा लवला, सावरला, मग दुसरी. मी दाबू शकलो असतो. मला तिचा इतका राग आला की डोळे भरून आले.

तेव्हापासून मीही धुक्यात कान लावून उभा राहतो. सुभाषभाऊंची मोटार स्थिरावते, काटा जागेवर येतो, आणि माझा अंगठा दाबला जाण्याआधी थोडा काळ शिल्लक उरतो. गेलेल्या माणसाला जगात एवढीच काय ती जागा मिळत असावी. म्हणून हल्ली मी तो काळ थोडा लांबवतो, हरभऱ्याला काय म्हणायचं ते म्हणो.