बुवांच्या सुनेचं गाणं

आत्या तेव्हा वर्तमानपत्रात खेळाचं पान सांभाळायची. संगीतावर लिहिणारे गृहस्थ पाय मोडून घरी बसले आणि संपादकांनी तिला सकाळच्या मैफलीला पिटाळलं. आजोबा गायचे, घरात कानावर पडलेलं, एवढंच तिचं भांडवल.

गाणं एका नामांकित बुवांचं. सभागृह गच्च भरलेलं. बुवांनी तोडी सुरू केली, पण आवाज काही लागेना. खाकरून झालं, कोमट पाणी पिऊन झालं; वरच्या षड्जाला गळ्याने साफ दगा दिला. लोक चुळबुळायला लागले. शेजारी बसलेले दोन समीक्षक ‘संपले आता बुवा’ म्हणत उठून चालते झाले. आत्याही पर्स उचलत होती, तेवढ्यात बुवांनी मागे तानपुऱ्यावर बसलेल्या सुनेकडे नुसतं वळून पाहिलं. तिने त्यांची अर्धवट राहिलेली ओळ उचलली.

आत्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. सून सासऱ्यांची नक्कल करत नव्हती. गंधारावर ती अशी रेंगाळायची, की ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागावा. मग एकदम तान सुटायची आणि तबलजीची धांदल उडायची. शेवटी सगळं सभागृह उभं राहिलं. बुवा हसत होते आणि डोळे पुसत होते.

आत्या जवळजवळ पळतच कचेरीत आली. एका बैठकीत तिने मजकूर हातावेगळा केला. संपादकांनी वाचून चष्मा कपाळावर चढवला. कार्यक्रमपत्रिकेत नावही नसलेल्या बाईवर एवढं? बाकी सगळे बुवांच्या फजितीवर लिहिणार, आपणच तोंडघशी पडायचो, असं त्यांचं म्हणणं.

“फजिती मीही लिहिलीय, साहेब,” आत्या म्हणाली. “पण ते लोक मधेच उठले. मी शेवटपर्यंत होते.”

संपादकांनी चष्मा पुन्हा नाकावर ओढला. मग त्यांनी मथळा मोठा करायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी कचेरीतला फोन खणखणतच होता. त्यातला एक खुद्द बुवांचा.

“माझ्याबद्दल लिहिलंस ते खरं आहे, मुली,” ते म्हणाले. “तिच्याबद्दल जरा कमीच लिहिलंस. पुन्हा ऐकायला ये.”

लवकरच सुनेची स्वतंत्र मैफल ठरली. तोवर आत्याकडे संगीताचं सदर कायमचं आलं होतं. ती आजोबांना घेऊन गेली, तर आत पाय ठेवायला जागा नाही. दोघं जिन्याच्या पायरीवर दाटीवाटीने बसली. पहिला सूर लागताच आजोबांनी तिचा हात घट्ट धरला, तो मैफल संपेपर्यंत सोडला नाही.