कथिलाची फुलं

नवरा गेला तसं धाकट्या दिराने मला आमच्या ओतकामाच्या कारखान्यातून हुसकून लावलं. साचेसुद्धा नेऊ दिले नाहीत. पुढे जुन्या नाट्यगृहाच्या दुरुस्तीत दारांवरची कथिलाची फुलं ओतायचं काम त्याला मिळालं. स्वस्तात उरकायला त्याने भरमसाट शिसं मिसळलं. बसवलेली फुलं लवकरच काळी पडली, तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. मी नवे साचे कोरले.

दीर धावत आला. "वहिनी, झालं गेलं विसरा. हाताखाली तरी घ्या."

"घेते की, भावजी. आधी तुमची फुलं उचकटून काढा. सगळ्यांसमोर."

तो शिडीवर चढला. खाली गवंडी फिदीफिदी हसत होते. मी खुर्ची मागवली आणि शेवटचं फूल निघेपर्यंत बघत बसले. दया अजिबात आली नाही.