पोत्यामागचा धर्मादा

“बायकोले काय आजार शे?” मगन मुनीमने टाक दौतीत बुडवून विचारलं.

गादीवर पाच शेठ तक्क्यांना टेकून बसले होते. दारात हमाल, मिरची विकायला आलेले शेतकरी, चहावाला. सगळ्यांच्या नजरा माझ्या पाठीवर.

“पोटना,” मी म्हणालो.

मगनने लिहिलं. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. त्याने दाखवलं तिथे मी अंगठा उठवला.

नंदुरबारच्या मिरची बाजारात मी मापाडी होतो. पोतं काट्यावर चढलं की वजन मी बोलायचं. मी बोललो ते शेतकऱ्यानेही मानायचं आणि व्यापाऱ्यानेही. वजन बोलून झालं की पुढे ओरडायचं, “धर्मादा एक!” म्हणजे त्या पोत्यामागे एक पैसा धर्मादा खात्यात. त्यातून पाणपोई चाले, पांजरपोळातल्या गुरांना चारा जाई, आणि बाजारातल्या कोणाच्या घरी आजारपण आलं तर गादीवरच्या शेठांची कमिटी विचार करून मदत देई. सतरा वर्षं मी तो पैसा ओरडून काढला होता. मागायला पहिल्यांदाच उभा होतो.

माझ्या बायकोच्या, सुगंधाबाईच्या, छातीला गाठ झाली होती. मुंबईला नेऊन एक बाजू काढून टाकली. त्यात घरातली भांडी आणि तिची चांदीची कडी गेली. आता सुया सुरू होत्या. बारा सुयांची पेटी मुंबईहून पार्सलने येई, बेचाळीस रुपयांना. दर महिन्याला एक पेटी लागे. माझी महिन्याची कमाई पन्नासच्या आत. डॉक्टरने बजावलं होतं, “खंड पडू देऊ नका. पडला तर मी जबाबदार नाही.” पेटीत दोनच सुया उरल्या होत्या.

बन्सीलाल शेठ कमिटीचे मोठे. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, “पोटनाच ना? मंग घाबरस कसाले? आपला वैद्य शे. त्यान्हा काढा लई जा, कमिटीना खर्चावर, दीड महिना.”

“शेठजी, रोकडा मिळना असता ते...”

“रोकडा कमिटी देत नही, लोटन. रोकडा दिधा का निम्मा दारूमा जास. तू दारूले शिवस नही, माले माहीत शे. पन नियम ते नियम.”

मी काढ्याची बाटली घेऊन घरी आलो. वाटेभर बुचातून गळून सदऱ्याला डाग पडले.

सुगंधाने बाटली हातात घेतली, हुंगली आणि हसली. “मन्हं पोट? मन्हं पोट ते खडा बी पचाडी टाकस!”

“तूच ते म्हने, आजारनी जागा सांगू नका.”

“जागा सांगानी नही, इतलंच मी सांगेल व्हतं. पोट कोन सांगं तुम्हले?”

ती बाटली कोनाड्यात ठेवून भाकरी थापायला बसली. एका हातानेच थापायची. दुसरा हात ऑपरेशनपासून खांद्यावर जात नव्हता. तव्यावरची भाकरी करपली तरी तिने उलटली नाही.

“सांगी द्या,” ती म्हणाली.

“काय?”

“जे शे ते.”

“तठे धा मानसे ऱ्हातस. शेतकरी ऱ्हातस.”

“ऱ्हाऊ द्या. मरानंतर लाज लई जासू का मी?” मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “पन तुम्हनं काय व्हई?”

ती काय विचारत होती ते मला कळलं होतं. मापाड्याकडे जमीन नसते, दुकान नसतं. त्याच्या तोंडातून निघालेला आकडा खरा, एवढीच त्याची मालमत्ता. खोटं सांगून अंगठा उठवला हे एकदा गादीवर बोललो की ते परत घेता येत नाही.

चार दिवस मी गादीवर गेलो नाही. दोन्ही सुया संपल्या. पाचव्या दिवशी ती सकाळपासून दारात बसून होती. मी पागोटं बांधलं आणि निघालो.

गादीवर गर्दी होती. भाव फुटायची, म्हणजे दिवसाचा दर ठरायची वेळ. मी मध्ये जाऊन उभा राहिलो.

“शेठजी, मी खोटं बोलनू. पोटना आजार नही.”

मगनने टाक खाली ठेवला. “मंग?”

“मन्ही बायकोना छातीना कॅन्सर शे. एक बाजू काढी टाकेल शे. सुया लागतस.”

कोणी हसलं नाही. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मान वळवून रस्त्याकडे बघितलं. बन्सीलाल शेठनी बोटातली अंगठी फिरवली. मग डॉक्टरची चिठ्ठी मागितली, दोनदा वाचली.

“पेट्या कमिटी मंगाडी दी,” ते म्हणाले. “डाक्टर सांगी तठलोंग. मगन, लिही.”

मी वाकून नमस्कार केला.

“लोटन,” त्यांनी मला थांबवलं. आवाज हळू होता. “काटावाला खोटं बोलना, हाई आते सारास्नी ऐकं. उद्या वजनवरून भांडन व्हयनं ते मी काय सांगू? तू उद्यापासून पोतं उचल.”

मी हो म्हटलं. त्यांच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.

दुसऱ्या दिवशी काट्यावर माझ्या जागी वाहरू नावाचा दुसरा मापाडी बसला आणि मी पाठीवर पोतं घेतलं. वय सेहेचाळीस. वाहिद हमालाने मला पोतं मानेवर कसं तोलायचं ते शिकवलं. म्हणाला, “अरे लोटन, इतले वरीस आम्हनं वजन बोलना, आते समजी आम्ही काय उचलत व्हतूत!”

पेट्या येत राहिल्या. सुगंधा पावणेदोन वर्षं जगली. डॉक्टरने आधीच सांगितलं होतं, या सुयांनी बाईचा आवाज पुरुषासारखा होतो. तिचा आवाज हळूहळू जाड झाला, घोगरा झाला. श्रावणात कानबाई देवीच्या सणाची गाणी ती पुढे बसून म्हणायची, ते तिने सोडलं. गल्लीत ती खुणेनेच बोलू लागली.

पण दुपारी ती भाकर घेऊन बाजारात यायची. मिरचीच्या खकाण्यात माणूस ओळखू येत नसे. मग ती फाटकाशी उभी राहून, पदर नीट करून, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी हाक मारायची, “ओ! भाकर वनी!”

एकदा नवा आलेला हमाल मला म्हणाला, “कोन मानूस बलाई ऱ्हायना रे तुले?”

मी पोतं खाली ठेवलं आणि गेलो.