जोडाच्या जागी

"हलू नका रे! जो हलेल त्याला दोन डोकी येतील!"

मी ओरडलो आणि चारशे माणसं खदखदून हसली. कारखान्याला पन्नास वर्षं झाली म्हणून सगळ्यांचा एकच लांबलचक फोटो. सव्वीस वर्षं मी इथे ओळखपत्रांसाठी काडेपेटीएवढे चेहरे काढले. आज पहिल्यांदा भिंतभर माणसं!

आठ फोटो काढायचे, प्रत्येकाची कड पुढच्यात पुन्हा घ्यायची आणि त्या कडांवर जोडायचे.

"झाडूवाल्या बाजूला," मॅनेजर म्हणाले. "फक्त कायमचे कामगार."

झाडूवाल्या सात. त्यातली एक माझी बायको. एकोणीस वर्षं यांची थुंकी पुसतेय, पण कंत्राटी. म्हणून ओळखपत्र नाही, म्हणून माझ्या कॅमेऱ्यासमोर कधी बसलीच नाही. डोकं सणकलं आणि त्या सणकीतच सुचलं.

"साहेब, भिंत पांढरी, गणवेश सगळे निळे. जोड जुळवायला खूण लागते. यांची पिवळी जाकिटं आहेत. प्रत्येक जोडाला एक उभी करतो."

"नंतर कापा."

"कापतो की."

खूण लागते हे खरं. कापतो हे साफ खोटं.

बायकोला चौथ्या जोडावर, मॅनेजरांना खेटून उभी केली.

"अहो, झाडू कुठे ठेवू?"

"हातातच धर. आणि लग्नात खाली बघत होतीस, आता तरी वर बघ!"

"गप्प बसा, लोक ऐकतायत!"

ढग सूर्याकडे सरकत होता. उजेड बदलला की जोड उघडे पडणार. खटक. कॅमेरा जरासा उजवीकडे. खटक. "श्वास धरा!" खटक, खटक... आठवा निघाला आणि सावली पडली. मी भर अंगणात उडीच मारली!

समारंभाच्या आदल्या दिवशी मॅनेजरांनी फोटोची गुंडाळी उलगडली.

"या अजून इथेच? कापा!"

"कात्री आणतो साहेब. पण सगळे जोड यांच्यावरच आहेत. या काढल्या की कारखान्याचे आठ तुकडे. चौथ्यात तुम्ही, अर्धे."

त्यांनी फोटोतल्या स्वतःवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "लावा."

समारंभानंतर फोटोवरची काच पुसायचं काम बायकोकडेच आलं. डावीकडून सगळ्यांवर फडकं फिरवत ती चौथ्या जोडापाशी पोचली. थांबली. फडकं खांद्यावर टाकलं आणि आधी स्वतःचे केस नीट केले.