वेबबाबा आणि कोपलेलं सर्च इंजिन

ताईच्या दवाखान्यात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती, पण गर्दीत दाढ दुखणारा एकही नव्हता. सगळी गल्ली वेबबाबांना पाहायला लोटली होती. बाबा पेशंटच्या खुर्चीत आडवे, डोळे मिटलेले, पोटावर राउटर.

"पीडा आहे," ते पुटपुटले. "सर्च इंजिन कोपलंय!"

शेजारी शवपेट्या विकणाऱ्या काकांनी हात जोडले. त्यांची वेबसाइट सर्चमधून गायब झाली होती. नृत्यवर्गाच्या बाईंचीही. माझ्या ताईचे तर नवे पेशंटच बंद झाले होते. दवाखाना मिटवून ती परगावी नोकरी धरायच्या बेतात होती. या सगळ्या वेबसाइट बाबांनीच एका 'सिद्ध साच्या'तून काढून एकमेकींना लिंकांनी जोडल्या होत्या, हे मात्र कुणाच्या डोक्यात येत नव्हतं.

"उतारा काय, बाबा?" ताईने विचारलं. रोज माणसांना एक्स-रे दाखवून गप्प करणारी माझी ताई!

"प्रत्येकाने आणखी सात डोमेन, म्हणजे वेबसाइटचे नवे पत्ते, घ्या. सातही ठिकाणी हाच साचा, हाच मजकूर. आणि सगळ्यांनी सगळ्यांना आणखी लिंक द्या. हा बघा माझा प्रभाव!"

बाबांनी मोबाइल उंचावला. सर्चमध्ये ताईचा दवाखाना पहिला! काकांचे डोळे भरून आले.

माझी बायको शाळेत भाषा शिकवते. तिने पुढे होऊन मोबाइलमध्ये डोकावलं. "बाबा, तुम्ही तर वेबसाइटचं पूर्ण नावच टाकलंत. मग ती दिसणारच!"

तिने स्वतःच्या फोनवर 'जवळचा दातांचा डॉक्टर' शोधलं. पानांमागून पानं सरकली. ताई कुठेच नाही.

"अश्रद्ध बोट लागलं!" बाबा राउटरसकट उठून बसले.

बायकोने तिन्ही वेबसाइट उघडल्या. "ताई, तुमच्या साइटवर लिहिलंय, 'आमच्याकडे एकदा आलेला माणूस पुन्हा तक्रार करत नाही.'"

"छानच आहे की," काका म्हणाले.

"काका, हे तुमच्याही साइटवर आहे. शिवाय, 'मोफत चाचणीसाठी आजच या, मित्रांनाही आणा.'"

"अहो, ते माझ्या वर्गाचं असेल!" नृत्यवाल्या बाई ओरडल्या.

"तुमच्याकडेही आहेच. त्याखाली, 'जागा सुन्न करूनच सुरुवात करतो.'"

हशा पिकला. काका मात्र घाबरले. "म्हणजे साचाच शापित?"

"साच्याने काय घोडं मारलंय? वर्गातल्या मुलांचा गणवेश सारखा असला म्हणून मी कुणाला शिक्षा करत नाही. पण सगळ्या पेपरांत एकच निबंध, चुकासुद्धा त्याच, आणि जो तो शेजाऱ्याकडे बोट दाखवून म्हणतो, 'हाच हुशार!' मग मी सगळे पेपर बाजूला ठेवते. सर्च इंजिननेही तेच केलं. कोप नाही हो, कॉपी पकडली! आणि बाबांच्या उताऱ्याने ती आठपट होणार आहे."

"माझी ध्यानाची वेळ झाली," म्हणत बाबा तरातरा निघाले. राउटर काखेतच होता. दारापाशी राउटरची भिंतीत खोचलेली वायर ताणली गेली आणि बाबा गर्रकन फिरून पुन्हा खुर्चीत आदळले. ताईने हातमोजे चढवले मात्र, राउटर टाकून त्यांनी धूम ठोकली.

पुढे प्रत्येकाने आपापला मजकूर लिहिला, खोट्या लिंका काढल्या. ताईने लिहिलं, 'दाढ काढताना थोडं दुखतं. कधी दुखेल ते मी आधी सांगते.' चमत्कार झाला नाही. काही महिन्यांनी ती सर्चमध्ये मागच्या पानांवर उगवली, मग हळूहळू पुढे सरकली. परगावच्या नोकरीला तिने नकार कळवला.

मित्रहो, यंत्राला राग येत नाही. ते नियमाने चालतं, आणि नियम विचारता येतो, तपासता येतो. तेव्हा बेधडक विचारा. विचारलं म्हणून जो चिडेल, त्याच्याकडे उत्तर नाही एवढं नक्की समजा.