आधी दांडा की आधी शेपूट?

मित्रांनो, यंदा नव्या वर्षाच्या सकाळी न्यान आजींच्या घरात पहिला पाहुणा म्हणून मी आलो. असं काही झालंच नाही, हे घरात एकमताने ठरलेलं आहे. तेव्हा तुम्हीही विसरून जा. मी एक जुना झाडू आहे, एवढंच लक्षात ठेवा.

माझा जन्म चिकट तांदळाच्या रोपाच्या काड्यांपासून झाला. बाजारात आजींनी मला दोनदा हवेत फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, "हाच." माझा ऊर भरून आला. मला ऊर नाही, पण आला. मग मी वर्षानुवर्षं भाताचा कोंडा नि बदकांची पिसं झाडली.

माझा गोंधळ उडतो तो तेतला, म्हणजे आमच्या नव्या वर्षाला. पहिले तीन दिवस मला हात लावायचा नाही, कारण केराबरोबर घराचं नशीब बाहेर जातं. पण मला चोरीलाही जाऊ द्यायचं नाही, कारण माझ्याबरोबरही नशीबच जातं. म्हणजे मी नशीब घालवणारा की सांभाळणारा? सहा वर्षं कोपऱ्यात उभं राहून विचार केला. मग कोपरा बदलून पाहिला.

यंदा मला लपवायचं काम सून झीयेमकडे होतं. तिला सातवा महिना. आधी दोनदा या घरातला पाळणा रिकामाच राहिला होता. म्हणून आजींनी पहिला पाहुणा पारखून ठरवला होता: ख्वात काका, चार मुलांचे बाप, जन्मसाल जुळणारं (आमच्याकडे दर सालाला एक प्राणी असतो), दात शाबूत. पहिलं पाऊल चांगलं पडलं की वर्ष चांगलं जातं. घाईत झीयेमने मला घरात लपवायचं सोडून डुकरांच्या खोपटामागे ठेवलं.

सकाळी शेजारच्या वेन नावाच्या कुत्र्याने मला तोंडात धरून थेट घरात आणलं. दारात तो अडकला, वळला, पुन्हा अडकला. फाटकाशी काका नवा सूट घालून उभेच होते.

"आधी कोण आलं?" आजी ओरडल्या.

"कुत्र्याची शेपूट, आई," झीयेम रडकुंडीला आली.

"नाही, दांडा. मी पाहिलं," तिचा नवरा त्वान म्हणाला.

"गप रे! बायकोची बाजू घ्यावी, एवढंही कळत नाही? झाडू कुठल्या सालचा?"

"उंदराच्या."

"आणि तू घोड्याच्या! उंदराचं नि घोड्याचं कधी पटलंय? जाळा त्याला!"

"कोणाला, मला?" त्वानने विचारलं.

"काकू, येऊ का आत?" फाटकातून काका म्हणाले. "पानात बांधून उकडलेल्या भाताचा वास सुटलाय."

"थांब तिथेच! तू पहिला की दुसरा, ते ठरू दे."

झीयेम पोटावर हात ठेवून खाली बसली. तेव्हा काका जरा हळू आवाजात बोलले. "काकू, बाहेर राहिलेला झाडू म्हणजे चोरीला गेल्यातच जमा. आणि हा पठ्ठ्या कुत्र्याची गाडी करून परत आलाय. गेलेलं नशीब आपल्या पायाने घरी आलं की! आता जेवू?"

आजींनी माझ्याकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"काही झालंच नाही," त्या म्हणाल्या. "ख्वात, ये. पहिला तूच. आणि त्या कुत्र्याला मटणाचा तुकडा द्या."

नव्या वर्षाच्या तिसऱ्या महिन्यात मुलगी झाली. धडधाकट, आवाज खणखणीत. दृष्ट लागू नये म्हणून आमच्याकडे बाळाला घरात एखादं गबाळं नाव ठेवतात. आजींनी ठेवलं, चोय. चोय म्हणजे झाडू. आता "चोय, किती गं घाण केलीस!" अशी हाक आली की मी पुरता गोंधळतो. मी जन्मात घाण केलेली नाही.

मित्रांनो, आपापल्या झाडूला जपा. तो कोण आहे, हे त्यालाही नीट माहीत नसतं.

माझा तर अर्जही तयार आहे: सबब, माननीय गाव समितीस नम्र विनंती की, पुढील तेतला अर्जदारास पहिला पाहुणा म्हणून रीतसर निमंत्रण द्यावे, श्री. ख्वात यांचा सूट एक दिवसापुरता मिळावा, आणि वरील घटना घडलीच नाही असा लेखी दाखला, प्रत्यक्षदर्शी कुत्र्याच्या सहीनिशी, देण्यात यावा.